कॅसेट क्रमांक एकशे बारा

"सोडणार नाही! त्या माणसाला मी मुळीच सोडणार नाही!"

धाडकन दार ढकलून ठिणगी आत आली आणि हातातली रिकामी पिशवी तिने न बघताच भिरकावली. तिच्यामागून भोपळा आला. त्याच्या दोन्ही हातांत जुन्या वह्यांची चळत होती आणि हनुवटीखाली आणखी एक वही दाबलेली. त्यामुळे त्याला फक्त "म्म! म्म!" एवढंच म्हणता येत होतं.

"म्म काय? नीट बोल ना!"

भोपळ्याने चळत टेबलावर ठेवली. "तुझी पिशवी खळीच्या भांड्यात पडलीय, असं सांगत होतो."

पिशवी खरोखरच पांढऱ्या खळीत गटांगळ्या खात होती! एरवी दोघं पोट धरून हसली असती. पण आज ठिणगीचे कान लाल झाले होते, आणि तिचे कान लाल झाले की हसायचं नसतं, हे भोपळ्याला बरोबर ठाऊक होतं.

हा होता आत्याचा बाइंडिंगचा कारखाना. कारखाना म्हणायचं इतकंच. होती एक लांबट खोली. एका बाजूला कागद कापायचं जड यंत्र, दुसऱ्या बाजूला वह्या दाबून ठेवायचे लोखंडी शिकंजे, आणि मधे सुया, दोरे, पुठ्ठे, कापडाच्या गुंडाळ्या. दर सुट्टीत ही दोघं चुलत भावंडं आत्याकडे राहायला यायची. ठिणगी तेरा वर्षांची. भोपळा तिच्याहून वर्षाने लहान, आणि दिसायला अगदी काटकुळा. पण तिसरीत असताना त्याला गणितात भोपळा मिळाला होता. ते मार्क सगळे विसरले, नाव तेवढं चिकटलं.

"काय झालं?" आत्याने कापायच्या यंत्रावरून मान वर न करता विचारलं.

"सभागृहाच्या व्यवस्थापकांकडे वह्या आणायला गेलो होतो ना," ठिणगी धुसफुसत म्हणाली. "मी म्हटलं, वह्या मोजून द्या. तर ते सगळ्या कारकुनांसमोर म्हणतात, 'अरे वा, टेपताईंची भाची! काय गं, तू स्वतः बोलतेयस, की मागे टेप लावलीय?' आणि सगळे खो खो हसले! एक जण तर चहा नाकातून येईपर्यंत हसला!"

आत्याचा हात क्षणभर थांबला. मग खटकन पातं खाली आलं आणि कागदाची एक सरळ पट्टी जमिनीवर पडली.

"वह्या मोजून घेतल्यास का?" तिने विचारलं.

"घेतल्या. पण आत्या, तुला सगळे टेपताई का म्हणतात?"

"उसवायला घ्या. शनिवारी त्या व्यवस्थापकांचा निवृत्तीचा कार्यक्रम आहे. त्याच्या आधी सगळ्या वह्या नव्या बांधून हव्यात त्यांना." एवढं बोलून आत्या कागद आणायला बाहेर पडली. जाताना तिने दार हळूच लावून घेतलं. ते धाडकन लावलं असतं, तर ठिणगीला जरा बरं वाटलं असतं!

दार लागतं न लागतं तोच ते पुन्हा किलकिलं झालं आणि एक डोकं आत आलं. "काय झालं? कोण कोणाला सोडणार नाही? मी भिंतीपलीकडून ऐकलं!"

ही बातमी. शेजारच्या शिंपीआजोबांची दहा वर्षांची नात. तिच्या कानावर पडलेली गोष्ट तासाभरात गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचायची, म्हणून तिचं हे नाव.

"तुझ्या आजोबांना माहीत असेल," भोपळा म्हणाला. "आत्याला टेपताई का म्हणतात ते. तेही तसंच म्हणतात की!"

तिघं शिंपीआजोबांच्या दुकानात घुसली. आजोबा तोंडात टाचण्या धरून एका बाहीला माप लावत होते. प्रश्न ऐकल्यावर त्यांनी एकेक टाचणी काढून गादीत खोचली.

"एकतीस वर्षं झाली त्याला," ते म्हणाले. "तुमची आत्या सतरा वर्षांची होती. चार मुलींचा बँड होता त्यांचा. एक गाणारी, दोन गिटारवाल्या आणि तुमची आत्या ड्रमवर."

"आत्या? ड्रमवर?" भोपळा ओरडलाच.

"तर! 'खडखडाट' नाव होतं बँडचं. पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत सराव करायच्या. टाकीतल्या पाण्यावर लाटा उठायच्या म्हणतात! मग सभागृहात मोठी स्पर्धा लागली. सातव्या नंबरला यांचा गट. चार गाणी केली. लोक खुर्च्यांवर उभे राहिले! मुली पुढे येऊन वाकल्या. ड्रमच्या काठ्यासुद्धा खाली ठेवलेल्या. आणि तेवढ्यात…" आजोबा थांबले.

"तेवढ्यात काय?"

"तेवढ्यात वरच्या कर्ण्यांतून त्यांचंच गाणं सुरू झालं! गिटार, ड्रम, आवाज, सगळं! आणि मुली तर नुसत्या उभ्या! घोटभर पाणी पिऊन होईपर्यंत वाजलं आणि बंद पडलं. आधी सगळे गप्प. मग मागून कुणीतरी ओरडलं, 'अरे, टेप! पोरींनी टेप लावली होती!' आणि असा हशा पिकला, असा पिकला…"

"पण त्या खरंच वाजवत होत्या!" ठिणगी म्हणाली.

"त्याही तेच सांगत होत्या. ध्वनियंत्रावर तेव्हा हेच आत्ताचे व्यवस्थापक होते, नवीनच लागलेले. परीक्षकांनी त्यांना विचारलं. ते म्हणाले, 'मला काही माहीत नाही. पोरींनी बरोबर काय आणलं होतं, मी कसं सांगू?' मुली म्हणाल्या, सभागृहाने केलेलं रेकॉर्डिंग ऐकवा. तर म्हणे ते चुकून पुसलं गेलं. गट बाद झाला. महिन्याभरात बँड फुटला. गाणारीच्या वडिलांनी तिला दुसऱ्या शहरात धाडलं. तुमच्या आत्याने ड्रम विकले. त्यानंतर तिने सभागृहाची पायरी चढलेली नाही."

"आणि तो माणूस एकतीस वर्षं तिची थट्टा करतोय!" ठिणगीचे कान आता लालबुंद झाले होते. "शनिवारी भाषणातही करेल! त्याच्या तोंडचं पाणी पळवलं नाही, तर नाव बदलीन!"

"नाव तुझं तसंही बदललेलंच आहे," भोपळा पुटपुटला आणि आजोबांच्या कापडामागे लपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोपळा सभागृहाच्या वह्या उसवत बसला होता. आकडे पाहिले की त्याला घाम फुटायचा, पण हात मात्र घड्याळजीसारखे! जुना दोरा तो असा काढायचा, की कागदाला कळायचंही नाही. 'ध्वनिमुद्रण नोंदवही' असं लिहिलेली एक जाडजूड वही उसवताना तो थबकला.

"ठिणगे, ही दोन पानं एकमेकांना चिकटलीत."

"ओल आली असेल."

"ओल आली की पानं कुठेही, कशीही चिकटतात. हे बघ. चारी कडांना सारखी खळ लावलीय. मधे कोरडं आहे. कुणीतरी मुद्दाम चिकटवलंय!"

ठिणगी उडी मारून आली. आत्या मागच्या बाजूला पुठ्ठे मोजत होती. भोपळ्याने किटली गॅसवर ठेवली आणि पान वाफेवर धरलं. मग पातळ पट्टी कडेने हळूहळू सरकवली. "ओढू नको! ओढू नको!" असं तो ठिणगीला तीनदा म्हणाला. शेवटी पानं सुटली.

आत स्पर्धेची तारीख होती. खाली गटांची नावं. आणि सातव्या ओळीत निळ्या शाईत लिहिलं होतं: खडखडाट, चार गाणी, कॅसेट क्रमांक ११२, सुस्थितीत.

"सुस्थितीत!" ठिणगी कुजबुजली. "पुसली नव्हतीच!"

भोपळ्याने पान उलटलं. "इथे पुन्हा ११२ आहे. 'क्रमांक ११२, आग लागल्यास प्रेक्षकांसाठी सूचना.' एका नंबरच्या दोन कॅसेट कशा?"

"दोन नाहीत रे. एकच कॅसेट! नाव बदलून ठेवलीय! आगीची सूचना कोण कधी लावून बघतंय?" ठिणगीने काल मिळालेली वह्यांची पोच बाहेर काढली. तिच्यावर व्यवस्थापकांचं अक्षर होतं. त्यातला 'ख' पाय पसरून बसल्यासारखा होता. नोंदवहीतला प्रत्येक 'ख' तसाच बसला होता!

"इतकी वर्षं झाली, विसरला असेल," भोपळा म्हणाला. "नाहीतर वही आपल्याकडेच कशाला पाठवेल? आत्याला सांगूया."

"नाही! आधी कॅसेट हातात येऊ दे. पोकळ निघालं तर तिला पुन्हा त्रास."

गुरुवारी दुपारी ती नोंदवही तेवढी मागे ठेवून, बांधून तयार झालेल्या बाकीच्या वह्या घेऊन तिघं सभागृहात पोचली. बातमीला फक्त एकच काम दिलं होतं: बोलत राहायचं.

"एवढंच?" ती जरा नाराजीनेच म्हणाली.

वह्या ठेवायचं कपाट ध्वनिकक्षात होतं, वरच्या मजल्यावर. काचेच्या खिडकीतून खालचं अख्खं सभागृह दिसत होतं. सध्या तिथे काम करणारा ध्वनिदादा कानात इअरफोनची बोंडं घालून मोबाइलवर सामना बघत होता. "लावा लावा, कपाट उघडंच आहे," असं म्हणून त्याने पाठ फिरवली. जिन्यावरून बातमीचा आवाज येत होता. "…आणि मग काका, आमच्या मांजरीने काय केलं माहितीये?" बिचारे व्यवस्थापक जिन्यातच अडकले होते.

ठिणगी गुडघ्यांवर बसून खालच्या कप्प्यातल्या कॅसेट धुंडाळू लागली. एकशे आठ. एकशे दहा. एकशे बारा! डबीवर जाड अक्षरांत लिहिलं होतं, 'आग लागल्यास'. तिने ती उचलली, आणि त्याच क्षणी दार उघडलं.

"काय चाललंय?" व्यवस्थापक दारात उभे होते. हसरा चेहरा, नीट विंचरलेले केस, आणि डोळे मात्र ठिणगीच्या हातांवर.

ठिणगीने डबीवरच्या अक्षरांवर तळहात दाबला. भोपळा पुढे झाला, हातात पाच वह्या घेऊन. "सर, वह्या सालाप्रमाणे लावायच्या की उंचीप्रमाणे? सालाप्रमाणे लावल्या तर उंच-बुटक्या दिसतात. उंचीप्रमाणे लावल्या तर साल चुकतं. रंगाप्रमाणे लावू का? पण मग लाल जास्त होतात…"

"अरे, कशाही लाव बाबा!" व्यवस्थापकांनी कपाळाला हात लावला. "टेपताईंच्या घरचे सगळेच असे डोकं खातात का?" आणि ते हसत हसत निघून गेले.

"आता तर दुप्पट वसूल करणार!" ठिणगी दातओठ खात म्हणाली.

"थांब," भोपळा म्हणाला. "अशी न विचारता नेली तर ती चोरी." त्याने एक चिठ्ठी लिहून रिकाम्या डबीत घातली: 'कॅसेट क्र. ११२ दुरुस्तीसाठी नेली आहे. बाइंडिंग कारखाना.' डबी जागच्या जागी ठेवली. ध्वनिदादाला विचारलंही, "दादा, एक जुनी कॅसेट दुरुस्तीला नेतो हं." दादा म्हणाला, "गोल!" पण ते मोबाइलला म्हणाला होता.

जाता जाता भोपळ्याने कोपऱ्यातलं जुनं कॅसेट वाजवायचं यंत्र चालू आहे की नाही, तेही बघून घेतलं. लाल दिवा लागला!

शिंपीआजोबांकडे अजून कॅसेटवरच गाणी चालायची. पण एकशे बाराची फीत एका जागी तुटलेली निघाली. ठिणगीला तर रडूच आलं. भोपळ्याने मात्र आजोबांची बारीक कात्री मागितली, दोन्ही टोकं तिरकी कापली, एकमेकांना भिडवली आणि नखाएवढी चिकटपट्टी मागून लावली. मग पेन्सिल घालून फीत गुंडाळली.

आजोबांनी बटण दाबलं.

खरखर. मग एक माणूस म्हणाला, "पंखे बंद पडल्याबद्दल क्षमस्व. माणूस बोलावला आहे. आता गट सातवा, खडखडाट!" टाळ्या. कुणाची तरी शिट्टी. आणि मग एका मुलीचा खणखणीत आवाज: "एक! दोन! एक, दोन, तीन!"

"आत्या!" भोपळा किंचाळला.

पुढे जे सुरू झालं, त्याने दुकानातल्या बटणांच्या बरण्या थरथरू लागल्या! ड्रम धावत होते, गिटारी त्यांच्यामागे लागल्या होत्या, आणि गाणारी मुलगी कुणाच्या बापाला भीत नसल्यासारखी गात होती. तिसऱ्या गाण्यात मधेच 'टंग!' असा आवाज झाला. तार तुटली होती! कुणीतरी हसलं, आणि ड्रम एकटेच पुढे निघाले, गिटार पुन्हा येऊन मिळेपर्यंत त्यांनी गाणं पडू दिलं नाही.

शेवटच्या टाळ्या थांबल्या. खटकन आवाज झाला आणि फीत कोरी फिरू लागली.

"टाळ्या!" ठिणगी ताडकन उठली. "आधी घरी केलेल्या टेपमध्ये टाळ्या कशा येतील? ही त्याच दिवशी, तिथेच झालेली टेप आहे! त्याने ती तपासायला मागे घेऊन लावली आणि कर्ण्यांचं बटण बंद करायला विसरला! चूक त्याची होती! पण स्वतःवर येऊ नये म्हणून त्याने ती चार मुलींवर ढकलली!"

 शिंपीआजोबांनी चष्मा काढला होता.

"पंखे बंद पडले होते," ते हळूच म्हणाले. "माझा सदरा घामाने चिंब झाला होता, चांगलं आठवतंय. म्हणजे ही त्याच दिवसाची." मग त्यांनी मान खाली घातली. "पोरांनो, मागून 'टेप! टेप!' ओरडणारा माणूस मीच होतो. आणि ते नावही मीच पाडलं. गंमत म्हणून."

 बातमीसुद्धा गप्प राहिली, आणि ते तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

"मग शनिवारी तुम्ही आमच्या बाजूने," ठिणगी शेवटी म्हणाली. तिचा आवाज काही मऊ नव्हता.

"मी पहिल्या रांगेत बसतो," आजोबा म्हणाले.

ठिणगीचा बेत ठरला. पण आत्याला सांगायचं की नाही, यावरून तिची आणि भोपळ्याची जुंपली. "गाणी तिची आहेत!" भोपळा म्हणत होता. "ती नको म्हणाली तर?" ठिणगी म्हणत होती. "मला त्याला सगळ्यांसमोर रडवायचंय!"

वाद संपायच्या आतच निकाल लागला. शुक्रवारी सकाळी बातमी आत्याकडे दोरा मागायला गेली, आणि दोऱ्याबरोबर सगळी गोष्ट तिच्या तोंडून उलगडत गेली. ठिणगी धावत पोचली तेव्हा आत्या यंत्राजवळ उभी होती. हात पात्याच्या मुठीवर, आणि पातं वरच्या वर.

"आत्या, मी सांगणारच होते! कॅसेट आणू? ऐकतेस?"

"नको." आत्याने मूठ सोडली आणि ती खिडकीपाशी गेली. ती वळली तेव्हा तिचेही कान लाल झाले होते. ठिणगीने हे पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. "इथे नाही ऐकायची मला. जिथे बंद पाडली, तिथेच वाजू दे. सगळ्यांच्या देखत!"

"म्हणजे तू येणार?"

"उद्या चार वाजता. आणि भोपळ्या, तो चिकटवलेला सांधा पुन्हा तपास. मधेच तुटला तर तुझी खैर नाही!"

शनिवारी सभागृह गच्च भरलं होतं. पंखे छान फिरत होते. व्यवस्थापकांसाठी जो गौरवग्रंथ निघाला होता, तो आत्याच्याच कारखान्यात बांधला होता. तो पोचवायच्या निमित्ताने मुलांना कुणी अडवलं नाही. बातमीने ध्वनिदादाला गाठलं. "दादा, खाली फुकट चहा आणि बिस्किटं आहेत! क्रीमची संपत आलीत!" दादा दोन-दोन पायऱ्या उतरत पळाला.

मंचावर सभागृहाच्या अध्यक्षबाई, चार पाहुणे आणि मधल्या खुर्चीत व्यवस्थापक. भाषणांवर भाषणं झाली. शेवटी ते स्वतः उठले. त्यांच्या हातात पुष्पगुच्छ होता.

"या मंचाने मला खूप दिलं," ते म्हणाले. "आणि खूप हसवलंही! आपल्या टेपताईंची गोष्ट तर तुम्हाला ठाऊकच आहे…"

सभागृहात आधीच खसखस पिकली. लोकांना पुढचं पाठ होतं.

"…चार मुली, हातात वाद्यं, आणि वाजवत होती कोण? तर टेप!"

हशा उसळला. वर काचेमागे ठिणगीने भोपळ्याकडे पाहिलं. भोपळ्याने मान हलवली. ठिणगीने बटण दाबलं.

खरखर. "पंखे बंद पडल्याबद्दल क्षमस्व. माणूस बोलावला आहे. आता गट सातवा, खडखडाट!"

हशा एकदम तुटला. कर्ण्यांतून जुन्या टाळ्या कोसळल्या. "एक! दोन! एक, दोन, तीन!" आणि ड्रम!

व्यवस्थापकांच्या हातातला पुष्पगुच्छ खाली आला. "बंद करा!" ते ओरडले. "कोण आहे वर? बंद करा ते!"

ठिणगीने आवाज अगदी कमी केला, सूचनांसाठीचा माइक ओढला आणि काचेतून सरळ त्यांच्याकडे बघत म्हणाली, "सर, मुलींनी घरून आणलेल्या टेपमध्ये तुमच्या सभागृहातल्या टाळ्या कशा? तुमचे पंखे कसे? आणि ही कॅसेट पुसली होती ना? मग 'आग लागल्यास' असं लिहिलेल्या डबीत कशी सापडली?"

शिंपीआजोबा पहिल्या रांगेत उभे राहिले. "मी होतो त्या दिवशी! पंखे बंद होते! 'टेप' म्हणून ओरडलो तो मूर्ख मीच!" भोपळा धापा टाकत मंचाजवळ पोचला आणि नोंदवहीचं सुटलेलं पान त्याने अध्यक्षबाईंपुढे ठेवलं. बाईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"हे अक्षर तुमचं आहे?" त्यांनी विचारलं.

व्यवस्थापकांनी घाम पुसला. आणि तेवढ्यात मागचं दार उघडलं. मधल्या वाटेने आत्या चालत येत होती. कामाचाच पोशाख, हातांवर वाळलेली खळ. एकतीस वर्षांनी ती मंचाच्या पायऱ्या चढली.

"मला लागून अकराच दिवस झाले होते," व्यवस्थापक पडक्या आवाजात म्हणाले. "कर्ण्यांचं बटण राहून गेलं. सांगितलं असतं तर नोकरी गेली असती."

"आणि नंतर?" आत्याने विचारलं. "नोकरी पक्की झाल्यावर? या खुर्चीत बसल्यावर?"

"लोक हसायचे… मग तो विनोदच होऊन बसला."

"कॅसेट पुसली का नाहीत मग?"

त्यांनी वर कर्ण्यांकडे पाहिलं. "चांगलं वाजवलं होतं तुम्ही. मला ती पुसवली नाही."

"म्हणजे माहीत होतं!" माइक चालूच होता, त्यामुळे ठिणगीचं ओरडणं अख्ख्या सभागृहाला ऐकू गेलं. "चांगलं होतं हे माहीत होतं, तरी दरवर्षी हसलात!"

व्यवस्थापक आत्यासमोर हात जोडू लागले. "माफ करा. मी…"

"माफी नंतर बघू," आत्या म्हणाली. "चार गाणी आहेत. उभं राहून ऐका."

त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. अध्यक्षबाईंनी ती खुर्ची शांतपणे मागे सरकवली. ठिणगीने कॅसेट सुरुवातीला नेली आणि आवाज पूर्ण वाढवला.

चार गाणी, एकोणीस मिनिटं. व्यवस्थापक सगळ्यांसमोर, भर उजेडात उभे होते आणि चारही गाणी त्यांच्या अंगावर येत होती. तिसऱ्यात तार तुटली, ड्रम एकटे पुढे निघाले, आणि लोकांनी श्वास रोखला. सांधा तुटला नाही! चौथ्या गाण्याला व्यवस्थापकांचे गाल ओले झाले होते. ठिणगीला वाटलं होतं, ते रडले की आपल्याला कदाचित दया येईल. नाही आली. तिने एकोणीसच्या एकोणीस मिनिटं डोळे भरून पाहून घेतली.

गाणी संपली तेव्हा जुन्या टाळ्यांत नव्या टाळ्या मिसळल्या. माणसं खुर्च्यांवर चढली. शिंपीआजोबा दोन्ही हातांनी डोळे पुसत होते आणि मधेच टाळ्याही वाजवत होते.

अध्यक्षबाईंनी माइक घेतला. "व्यवस्थापक, जाण्यापूर्वी त्या नोंदीसमोर काय घडलं ते तुमच्या हाताने लिहा. सही करा. मी तोवर बसते." मग त्या मंचापाशी धावत आलेल्या मुलांकडे वळल्या. "आणि तुम्ही तिघं! न विचारता कपाटात शिरलात, यंत्राला हात लावलात. याबद्दल खरं तर मी रागवायला हवं."

"चिठ्ठी ठेवली होती," भोपळा घाईघाईने म्हणाला.

बाई खळखळून हसल्या. "म्हणूनच रागावत नाही! जे एवढ्या परीक्षकांना, एवढ्या मोठ्या माणसांना इतक्या वर्षांत सुचलं नाही, ते तुम्हाला चार दिवसांत सुचलं. शाबास! कुणी शोधलं ते चिकटवलेलं पान?"

सगळं सभागृह भोपळ्याकडे पाहत होतं, आणि तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता.

गर्दी ओसरल्यावर आत्या ऑफिसातल्या फोनपाशी बसली. गाणाऱ्या मैत्रिणीचा नंबर तिने तीन ठिकाणी विचारून मिळवला होता. ती मैत्रीण आता दूरच्या एका शहरात दातांची डॉक्टर होती. मुलं दाराला कान लावून उभी राहिली. कुणीही कुणाला गप्प बसायला सांगितलं नाही; बातमीसुद्धा ओठ घट्ट मिटून उभी होती.

"मी बोलतेय," आत्या म्हणाली. "हो, मीच. आपली टेप सापडली. हो, आत्ताच वाजली. भर सभेत. तो उभा होता सगळा वेळ."  पलीकडून कुणीतरी हुंदके देतंय असं वाटलं, आणि मग कळलं की ते हसू आहे.

आत्या एकदम ताठ बसली.

"काय? दुसऱ्या गाण्यात मी घाई केली? मी?" तिने टेबलावर थाप मारली. "अगं, तू उशिरा सुरू केलंस! नाही! अजिबात नाही! थांब, आता टेपच आहे माझ्याकडे. ऐकवते तुला, मग बोल!"